तीन आठवड्यांची सुट्टी, दोन लहान मुलं आणि वाट बघणारी आजी

न्यू जर्सीहून एका आईनं विचारलं आहे : "मुलगी साडेचार वर्षांची, मुलगा दहा महिन्यांचा. दोघांचीही भारतात यायची ही पहिलीच वेळ. १८ डिसेंबरला मुंबईत उतरणार, ८ जानेवारीला परत. सासर पुण्यात, माहेर नगरला. २८ तारखेला सासऱ्यांची पंचाहत्तरी आहे. शिवाय तुळजापूरला कुलदैवताचं दर्शन, चार दिवस तारकर्ली आणि जाताना दोन दिवस मुंबईत नणंदेकडे, असा बेत आहे. मुलं आजारी पडू नयेत म्हणून काय काळजी घ्यावी? बरोबर कोणती औषधं आणावीत? सासूबाईंना बाळासाठी बरंच काही करायची हौस आहे, त्यातलं काय चालेल?"

तुमच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं देते, पण सुरुवात बेतापासून करते. मी पुण्यात २८ वर्षं बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करते आहे. नाताळच्या आठवड्यापासून संक्रांतीपर्यंत परदेशातून सुट्टीला आलेली मुलं रोज माझ्याकडे येतात. कुणाला ताप असतो, कुणाला जुलाब, कुणी नुसतंच रडतं. आईवडील विचारतात, "पाणी बाधलं का?" कधी बाधलेलं असतंही. पण गेल्या आठ दिवसांत मूल कुठे कुठे झोपलं हे विचारलं की बहुतेक वेळा खरं कारण समोर येतं. आठ दिवसांत पाच घरं झालेली असतात, दुपारची झोप गाडीत, रात्रीचं जेवण दहाला, आणि प्रत्येक घरी दारातच कुणीतरी उचलून घेतलेलं असतं. अशा थकलेल्या मुलाला साधी सर्दीही जड जाते.

म्हणून तारकर्ली या खेपेला रद्द करा. २१ दिवसांतले पहिले चार-पाच झोप जागेवर येण्यात जातील, शेवटचे दोन सामान बांधण्यात. हातात उरतात चौदा. पुण्याहून तारकर्ली गाडीनं एका वाटेला आठ-नऊ तास, त्यात घाट. आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तिथे खोली मिळाली तरी किनाऱ्यावर गर्दीच गर्दी. दहा महिन्यांच्या बाळाला समुद्राचं काही नसतं. मुलीला वाळू आवडेल, पण तिच्याजवळ समुद्र तिकडेही आहे. आजीआजोबा मात्र फक्त इथे आहेत.

तुळजापूर मी काढत नाही. सासूबाईंचा जीव त्यात असेल तर जरूर जा, पण पुण्याहून एका दिवसात जाऊन येण्याचा घाट घालू नका. सोलापूरपर्यंत रेल्वेनं जा. मुलीला डब्यात हिंडता येतं, बाळाला मांडीवर आडवं करता येतं. रात्री सोलापुरात राहा आणि सकाळी लवकर ४५ किलोमीटरवर तुळजापूर करून या. मंगळवार, शुक्रवार, रविवार टाळा. पौषात तिथे शाकंभरी नवरात्र असतं, तेव्हा पंचांग बघून ते दिवसही टाळा.

नगरचं अंतर १२० किलोमीटर, साधारण तीन तास. तिथे सलग पाच दिवस राहा; दोनदा दोन-दोन दिवस जाण्यापेक्षा ते मुलांना सोपं जातं. फक्त ३१ डिसेंबर आणि १ जानेवारीला त्या रस्त्यावर निघू नका. १ जानेवारीला पेरणे फाट्याच्या जयस्तंभाला अभिवादन करायला लाखो लोक येतात आणि पुणे-नगर रस्त्यावरची वाहतूक वळवलेली असते. लहान मुलं घेऊन वळणरस्त्यांवर अडकू नका. मुंबईत एकच रात्र ठेवा, विमानाच्या आदली.

आणि बाकीचे नातेवाईक? मामेसासरे, मावशी, आत्या, शाळेतल्या मैत्रिणी? तुम्ही त्यांच्याकडे जाऊ नका, त्यांना बोलवा. पंचाहत्तरीला सगळे भेटणारच आहेत. राहिलेल्यांसाठी दोन संध्याकाळी ठरवा, पाच ते सात, चहा-पोहे. हे सासूबाईंशी आत्ताच फोनवर बोलून घ्या. विमानतळावरून घरी येताना "परवा आपल्याला काकांकडे जेवायला जायचंय" हे कळलं तर नाही म्हणणं कठीण होतं. डॉक्टरांनी बजावलं आहे असं सांगा. वाईटपणा माझ्याकडे येऊ द्या. आमच्या कामाचा तो भागच आहे.

आता झोप. हिवाळ्यात न्यू जर्सी आणि पुण्यात साडेदहा तासांचा फरक असतो, म्हणजे मुलांची रात्र आणि दिवस जवळजवळ उलटे होतात. शरीराचं घड्याळ साधारण दिवसाला तासभर सरकतं; मुलं बऱ्याचदा त्याहून लवकर रुळतात, पण पहिल्या चार-पाच रात्री ती एक-दीड वाजता टक्क जागी होणार, भुकेली होणार आणि खेळायला मागणार. हे आधीच धरून चाला. रात्रीसाठी झाकणाच्या डब्यात मऊ भात, केळं, धिरडं असं काहीतरी ठेवा. मोठा दिवा लावू नका, मोबाइल दाखवू नका. आईवडिलांपैकी एकानंच उठायचं, दुसऱ्यानं झोपायचं, आणि दर रात्री पाळी बदलायची. सकाळी आठच्या आत दोघांना उन्हात न्या. गच्चीत, अंगणात, कोपऱ्यावरच्या दूधवाल्यापर्यंत, कुठेही. शरीराला 'आता दिवस आहे' हे उन्हाइतकं दुसरं काहीच सांगत नाही. मुलीला दुपारी दीड-दोन तासांहून जास्त झोपू देऊ नका, चारच्या आत उठवा. बाळाला त्याच्या दोन झोपा मिळू द्या, फक्त सलग चार तास होऊ देऊ नका. झोपेसाठी मेलाटोनिन किंवा सर्दीचं गुंगी आणणारं औषध तुमच्या तिकडच्या डॉक्टरांना न विचारता देऊ नये. हे सगळं नीट व्हायचं असेल तर २२ तारखेपर्यंत कॅलेंडर कोरं हवं.

आता सासूबाई आणि बाळ. यावर जरा सविस्तर लिहिते, कारण या एका गोष्टीनं अनेक सुट्ट्या कडू झालेल्या मी पाहिल्या आहेत.

साधारण आठ महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत मुलं अनोळखी माणसाला घाबरतात. ही मुलाच्या वाढीची खूण आहे. आपलं कोण आणि परकं कोण हे त्याला कळायला लागलं आहे. तुमचं बाळ नेमकं त्या वयात येतं आहे. आजीनं दहा महिने त्याला फोनच्या चौकटीत पाहिलंय. दारात तुकडा ओवाळताना त्यांचे हात आधीच पुढे येतील, आणि बाळ किंकाळी फोडून तुमच्या खांद्यात तोंड लपवेल. त्या क्षणी आजींच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते मी खूपदा पाहिलं आहे. मग कुणीतरी म्हणतं, "तिकडे सवयच नाही माणसांची." सुनेला ते लागतं. पुढचे तीन आठवडे दोघी जणी एकमेकींना जपून बोलतात.

हे टाळता येतं. येण्याआधीच सासूबाईंना सांगा की पहिले तीन-चार दिवस बाळ रडणार आहे, आणि ते त्यांना नाकारणं नाही. मग पहिल्या दिवशी त्यांनी बाळाला उचलायचंच नाही. तुम्ही बाळाला घेऊन जमिनीवर सतरंजीवर बसा. आजींनी हातभर अंतरावर बसायचं, बाळाकडे टक लावून बघायचं नाही, आणि आपल्या हातात काहीतरी खेळत राहायचं : स्टीलची वाटी आणि चमचा, डबा आणि झाकण, पोळपाटावर लाटणं. बाळ आवाजाकडे बघेल, मग आजीकडे, मग तुमच्याकडे. तुम्ही हसलात की त्याला कळतं, हे माणूस चालतं. कधी अर्ध्या तासात, कधी दोन दिवसांनी ते रांगत जाऊन वाटी ओढतं. त्यानंतर आजी त्याच्या होतात. एका आजींनी चार दिवस असं केलं. पाचव्या दिवशी नातू त्यांच्या मांडीत झोपला आणि त्या दोन तास हलल्या नाहीत. त्यांच्या गुडघ्याला मुंग्या आल्या होत्या, हे त्यांनीच मला दवाखान्यात येऊन सांगितलं.

फोनचाही उपयोग करून घ्या. येण्याआधी आजींनी रोज एकच गाणं एकाच चालीत म्हणावं. इथे आल्यावर तेच गाणं त्याच आवाजात ऐकू आलं की बाळाच्या चेहऱ्यावर ओळख दिसते.

आता त्यांची हौस. तेलानं मालीश खुशाल करू द्या, रोज करू द्या. हिवाळ्यात बाळाच्या त्वचेला ते बरं असतं आणि आजीच्या हाताची त्याला सवय होते. पण नाका-कानात तेल घालायचं नाही. नाकातलं तेल श्वासाबरोबर फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. धुरी द्यायची नाही. काजळ डोळ्यांत नको, कारण काजळात शिसं सापडलेलं आहे. तीट लावायचीच असेल तर तळपायाला लावा. बाळ वर्षाचं होईपर्यंत मध बोटावर चाटवणंसुद्धा नको. मधात असलेल्या जंतूंच्या बीजाणूंपासून लहान बाळाला बॉट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो आणि त्यात अंग लुळं पडतं. बाळगुटीही नको : सहाणेवर काय किती उगाळलं याचं माप राहत नाही, आणि सहाण, पाणी, हात यांतून जुलाब लागतात. जावळ काढायचं असेल तर काढा, फक्त ब्लेड नवं हवं आणि बाळाचं पोट भरलेलं, झोप झालेली हवी. बोरन्हाण संक्रांतीनंतर असतं आणि तुम्ही त्याआधीच जाताय, म्हणून सासूबाई ते आधीच उरकायचं म्हणतील. हलव्याचे दागिने घाला, फोटो काढा, मोठ्या मुलांना लुटू द्या. पण बाळाच्या डोक्यावरून बोरं, शेंगदाणे, हलवा ओतू नका. दहा महिन्यांचं मूल मिळेल ते तोंडात घालतं. कुरमुरे टाकले तरी खाली पडलेलं सगळं लगेच झाडून घ्या.

इथे शेंगदाण्याबद्दल स्पष्ट बोलते. तुमचं माहेर नगरचं, म्हणजे हुरड्याचे दिवस. शेतावर नेल्याशिवाय मामा सोडणार नाही आणि त्यानं सोडूही नये. भट्टीतून काढलेलं कणीस हातावर चोळणं मुलीनं जन्मभर आठवावं असं असतं. पण हुरड्याबरोबर भाजलेल्या शेंगा असतात, हरभऱ्याचे डहाळे असतात, बोरं असतात. पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खा शेंगदाणा, फुटाणा, बी असलेलं बोर देऊ नका. दर हिवाळ्यात श्वासनलिकेत दाणा गेलेलं एखादं मूल आमच्याकडे येतं. तो दुर्बिणीनं भूल देऊन काढावा लागतो. खाताना अचानक ठसका लागून नंतर मूल बरं दिसलं तरी दाखवायला आणा, कारण दाणा आत तसाच राहिलेला असू शकतो. मुलीला हुरडा बसूनच खायला लावा, पळता पळता नाही. चिमूटभर हुरडा गुळाबरोबर चावून खाल्ला तर हरकत नाही. शेंगदाण्याची चटणी बारीक कुटलेली असेल तर तीही चालेल. बाळाला हुरडा नाही. आणि भट्टीपासून दोघांना लांब ठेवा : विझल्यासारखा दिसणारा आर तासन्‌तास गरम असतो.

लसीकरण आणि औषधं. यातलं पहिलं काम आजच करायचं आहे.

तुमच्या तिकडच्या बालरोगतज्ज्ञांची वेळ निदान सहा आठवडे आधी घ्या. अमेरिकेत गोवराची एमएमआर लस वर्षानंतर देतात, पण परदेशप्रवासाला निघणाऱ्या ६ ते ११ महिन्यांच्या बाळाला एक डोस आधी देण्याची तिथलीच शिफारस आहे. तो डोस नेहमीच्या दोनांत मोजला जात नाही. वर्षानंतरचे दोन वेगळे घ्यायचेच. मुलीचा दुसरा डोस राहिला असेल तर तो निघण्याआधी घेता येतो. हिपॅटायटिस ए आणि टायफॉइडचंही विचारा. तिथे मिळणारं टायफॉइडचं इंजेक्शन दोन वर्षांपुढच्या मुलांना देतात, म्हणजे मुलीला मिळेल, बाळाला नाही. त्याच्या बाबतीत भिस्त पाणी आणि हात स्वच्छ ठेवण्यावर. फ्लूची लस दोघांनाही हवी. बाळ ती पहिल्यांदाच घेत असेल तर चार आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस लागतात. म्हणूनच मी सहा आठवडे म्हणते आहे.

ताप आला तर. हे नीट वाचा आणि नवऱ्यालाही वाचायला द्या. तिकडे ज्याला ॲसिटअमिनोफेन म्हणतात तेच इथलं पॅरासिटामॉल. पण ताकद वेगळी असते. तुमच्याकडच्या मुलांच्या बाटलीत ५ मिलिलिटरमध्ये १६० मिलिग्रॅम असतं. इथे १२० चं सिरप मिळतं, १२५ चं मिळतं, २५० चं मिळतं, आणि बाळांचे थेंब १ मिलिलिटरला १०० मिलिग्रॅमचे असतात. मात्रा वजनाच्या किलोला १५ मिलिग्रॅम. नऊ किलोच्या बाळाला १३५ मिलिग्रॅम, म्हणजे तुमच्या बाटलीतून जेमतेम ४.२ मिलिलिटर. रात्री दोन वाजता तुमची बाटली संपली म्हणून कुणी खालच्या दुकानातून थेंब आणले आणि सवयीनं ४.२ मिलिलिटर दिले, तर बाळाला तिप्पट औषध गेलं. असं झालेलं मी पाहिलं आहे. म्हणून तिकडच्या दोन सीलबंद बाटल्या आणि त्यांची तोंडानं द्यायची सिरिंज घेऊन या आणि सुट्टीभर तेच वापरा. दोन डोसांत निदान चार ते सहा तास जाऊ द्या, २४ तासांत चारापेक्षा जास्त नको. दोघांचं वजन निघण्याआधी करून मात्रा तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि कागद बाटलीला रबरबँडनं बांधून ठेवा.

तापाचं दुसरं औषध, आयबुप्रोफेन, इथे असताना देऊ नका. पुण्यात डिसेंबरात डास कमी होतात, संपत नाहीत, आणि डेंग्यूच्या तापात ते औषध रक्तस्रावाचा धोका वाढवतं. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणून बाळाच्या दुपारच्या झोपेलाही मच्छरदाणी लावा.

खोकल्याचं औषध आणू नका आणि इथे कुणी दिलं तरी देऊ नका. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात दूषित खोकल्याच्या औषधानं लहान मुलं दगावली. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे किडनी निकामी करणारं रसायन निघालं होतं. एरवी चांगल्या औषधाचाही या वयात सर्दी-खोकल्यावर उपयोग नसतो. नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब, कोमट पाणी, बाळाला अंगावरचं दूध, एवढं बस. मुलीला दम्याचा त्रास असेल तर तिचा पंप आणि स्पेसर हातातल्या बॅगेत ठेवा. डिसेंबरात पुण्या-मुंबईची हवा चांगली नसते आणि सकाळी शेकोट्यांचा धूर खाली साचलेला असतो.

जुलाब लागले तर पहिलं औषध ओआरएस. एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यातच, पूर्ण. अर्ध्या पाकिटाचा अंदाज करायचा नाही. छोटं पाकीट असेल तर त्यावर लिहिलं असेल तेवढं, बहुतेक २०० मिलिलिटर. दुकानात खोक्यातली गोड फळांच्या चवीची पेयं ओआरएस म्हणून वर्षानुवर्षं विकली जात होती. त्यांतल्या साखरेनं जुलाब वाढतात. हैदराबादच्या डॉ. शिवरंजनी संतोष यांनी त्याविरुद्ध अनेक वर्षं पाठपुरावा केला आणि २०२५ च्या ऑक्टोबरात अन्नसुरक्षा प्राधिकरणानं अशा पेयांच्या नावात 'ओआरएस' वापरायला बंदी घातली. तरी पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख बघूनच घ्या. बाळाला अंगावर पाजणं थांबवू नका. मऊ भात, दही, केळं चालू ठेवा. झिंक इथले डॉक्टर लिहून देतील. शौचात रक्त, सहा-आठ तास लघवी नाही, डोळे खोल गेलेले, मूल मलूल, पाजलेलं सगळं उलटून पडतंय, यांतलं काहीही दिसलं तर वाट बघू नका. तातडीची रुग्णवाहिका १०८.

पाण्याचा नियम सोपा आहे : उकळलेलं किंवा घरच्या फिल्टरचं, दात घासायलाही तेच. खाण्याचाही सोपा आहे : डोळ्यांसमोर गरम झालेलं खा. वरणभात, धिरडी, थालीपीठ, मटारउसळ, गरम दूध बेलाशक. बर्फ, उसाचा रस, चिरून ठेवलेली फळं, बाहेरच्या ओल्या चटण्या नको. सुटं दूध उकळल्याशिवाय नाही. पण खरं सांगायचं तर मुलांच्या पोटात बहुतेक गोष्टी हातातून जातात. बाळाला घेण्याआधी येणाऱ्या प्रत्येकानं साबणानं हात धुवावेत, त्याच्या तोंडाचे पापे घेऊ नयेत, आणि ज्याला दोन आठवड्यांहून जास्त खोकला आहे त्यानं आधी क्षयाची तपासणी करून घ्यावी, बाळाला मग घ्यावं.

थंडी तुम्हाला वाटते त्यापेक्षा जास्त जाणवेल. पहाटे बाहेर १०-१२ अंश, आणि घरं गरम केलेली नसतात; फरशी गार पडते. मुलांना पायमोजे, कानटोपी, एकावर एक दोन पातळ स्वेटर. आंघोळ दुपारी बाराच्या सुमाराला, दार लावून. आजीची गोधडी मुलीला द्या. बाळाला ती झोपेत तोंडावर येऊ शकते, त्याच्यासाठी तुमची झोपायची पिशवी घेऊन या.

गाडीतली मुलांची सीटही आणा. बहुतेक विमान कंपन्या ती सामानात घेतात, तिकिटाच्या वेळी विचारा. इथल्या भाड्याच्या गाड्यांत मागच्या पट्ट्याची बकलं सीटकव्हरखाली गेलेली असतात, तेव्हा गाडी ठरवतानाच ती वर काढून ठेवायला सांगा. आणि इथला पट्टा तुमच्याकडच्यासारखा पूर्ण ओढून लॉक होत नाही. तुमच्या सीटला पट्टा धरून ठेवणारी क्लिप आहे का, हे घरीच तपासा. मुंबईहून पुण्याला रात्री येताना बाळ मांडीवर घेऊन घाट चढू नका, कितीही थकला असलात तरी.

रस्त्यावरचं कुत्रं किंवा मांजर चावलं, नुसतं ओरखडलं तरी, जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. मुलीला निघण्याआधीच शिकवा की इथली रस्त्यावरची कुत्री तिकडच्या ओळखीच्या पाळीव कुत्र्यांसारखी हात लावायची नसतात.

मुलीबद्दल तुम्ही वेगळं काहीच विचारलं नाही. वेगळा प्रश्न फक्त बाळाचा. बहुतेक घरांत असंच होतं, आणि तिलाही ते जाणवेल. आल्यागेल्या प्रत्येकाची नजर आधी बाळाकडे जाणार आणि मग तिला म्हणणार, "मराठीत बोलून दाखव बघू." कृपा करून हे होऊ देऊ नका. साडेचार वर्षांच्या मुलीला सगळं समजत असतं. परीक्षा घेतली की तोंड मिटतं. तिला कामं द्या. या दिवसांत मटार स्वस्त असतात, आजोबांबरोबर शेंगा सोलायला बसवा. सकाळी तुळशीला पाणी. पोळ्यांच्या वेळी तिचा एक गोळा, तिचं छोटं लाटणं. संध्याकाळी आजी देवापाशी दिवा लावतील तेव्हा शेजारी बसून शुभंकरोति. हात कामात असले की शब्द आपोआप येतात. दहा-बारा दिवसांनी ती "आजी, अजून पीठ" म्हणेल आणि तेव्हा कुणीही टाळ्या वाजवू नयेत. तिला पीठ द्यावं.

नाताळही तिचा आहे. तिकडच्या शाळेत महिनाभर त्याचीच तयारी चाललेली असते आणि नेमकी त्या दिवशी ती आजोळीही नाही, आपल्या घरीही नाही. सांता पुण्याचा पत्ता कसा शोधणार, ही तिची खरी काळजी असू शकते. निघण्याआधी तिच्याकडून पत्ता लिहवून घ्या, जमेल तशा अक्षरांत. २४ च्या रात्री आजोबांचा पायमोजा खिडकीला टांगा. पुण्याच्या कॅम्प भागातली रोषणाई बघायची असेल तर २३ ला संध्याकाळी सहाला जाऊन या; २४ आणि २५ ला महात्मा गांधी रस्त्यावर मुंगीला वाट मिळत नाही.

पंचाहत्तरीच्या दिवशी कार्यालयात एक खोली मुलांसाठी मागून घ्या, स्पीकरपासून लांबची. दोघांना घरून जेवून न्या. औक्षणाच्या वेळी दोघं तिथे असली की झालं. बाळ नंतर झोपलं तर झोपू द्या, कुणासाठीही उठवून आणू नका.

परत गेल्यावर पुन्हा चार-पाच रात्री जागरणाच्या आहेत, म्हणून मुलीची शाळा लगेच दुसऱ्या दिवशी नको. पुढच्या महिनाभरात दोघांपैकी कुणालाही ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा की आम्ही भारतात जाऊन आलो. टायफॉइड आणि मलेरिया उशिरा डोकं वर काढतात आणि तिकडे ते पटकन कुणाच्या मनात येत नाहीत.

आणि शनिवारची सकाळ आजीसाठी राखून ठेवा. तुमचे आठ वाजतात तेव्हा पुण्यात साडेसहा झालेले असतात आणि आजी दिवा लावत असतात. फोन देव्हाऱ्याशेजारी उभा करायला त्यांना शिकवून या.